कुथुमींचे जन्म आणि आईंचा गुरुवार

प्रिय भगिनी,

तुमचे चार पानी पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातला आशय आधी थोडक्यात मांडते. तुमचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर अडुसष्ट वर्षांच्या तुमच्या आई एका ऑनलाइन ध्यानगटात जाऊ लागल्या. गट दर गुरुवारी संध्याकाळी जमतो, सगळे पिवळी वस्त्रे नेसून बसतात आणि ‘मास्टर कुथुमी’ यांचे ध्यान करतात. कुथुमी हे ‘असेंडेड मास्टर’, म्हणजे कर्माचा हिशेब संपवून ऊर्ध्वलोकी गेलेले गुरू आहेत, असे गटात सांगितले जाते. पूर्वजन्मी ते इजिप्तचे राजे थुटमोस तिसरे होते, मग ग्रीसचे पायथागोरस, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांपैकी बाल्थाझार, इटलीतले असिसीचे संत फ्रान्सिस आणि ताजमहाल बांधणारे शहाजहान, अशी यादीही दिली जाते. गेल्या महिन्यात साडेसात हजार रुपये घेऊन आईंचे ‘पूर्वजन्म वाचन’ झाले आणि असिसीमध्ये त्या फ्रान्सिस यांच्या सहवासात होत्या, असे निघाले. तेव्हापासून त्या फार आनंदात आहेत, आणि तुम्ही फार काळजीत. तुम्ही विचारता, की हे कुथुमी खरे का? आईला समजवावे की गप्प बसावे? शेवटी तुम्ही एक कबुलीही दिली आहे, ती मला सर्वांत आवडली: ‘आमच्या घरी दत्ताचे अवतार मानतात, बाबा दरवर्षी गुरुचरित्राचा सप्ताह करायचे, मग आईला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार?’

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण कुथुमींच्या गोष्टीचा एक मोठा तुकडा आपल्या मुंबईत घडलेला आहे आणि तो तुमच्या आईंना कोणी सांगितला असेल, असे पत्रावरून वाटत नाही.

थिऑसॉफिकल सोसायटी, म्हणजे सर्व धर्मांतल्या गूढविद्येचा अभ्यास करणारी संस्था, १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली. तिच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईच्या बंदरात उतरले. आधी गिरगावात आणि पुढे ब्रीच कँडीला ‘क्रोज नेस्ट’ नावाच्या बंगल्यात त्यांचे बिऱ्हाड होते. १८८२ च्या डिसेंबरात मद्रासजवळ अड्यारला जाईपर्यंत संस्थेचा कारभार मुंबईतूनच चालला. याच काळात, १८८० च्या ऑक्टोबरात, अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या वृत्तपत्राचे संपादक सिनेट यांना सिमल्यात पत्रे येऊ लागली. त्यांवर ‘कूट हूमी लाल सिंग’ अशी सही असे, आणि ही पत्रे हिमालयापलीकडच्या एका महात्म्याकडून गूढ मार्गाने येतात, असे सांगितले जाई. सिनेट संपादकच असल्याने त्यांनी सुचवले, की लंडनचा ‘टाइम्स’ ज्या दिवशी तिकडे निघतो त्याच दिवशी सिमल्यात आणून दाखवा, म्हणजे शंकाखोरांची तोंडे बंद होतील. महात्म्यांनी नकार दिला. अशा पुराव्याने शंका मिटत नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ती पत्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि ती मोठी वाचनीय आहेत, हे मान्य करायला हवे.

नावाविषयीही एक गोष्ट सांगते. विष्णुपुराणात सामवेदाची शिष्यपरंपरा दिली आहे, तीत कुथुमी हे नाव येते आणि सामवेदाची कौथुम शाखा आजही गायली जाते. त्यामुळे नाव ऐकल्यावर आपल्याकडच्या माणसाला ते परके वाटत नाही. मात्र पुराणातल्या कुथुमींचा आणि सिमल्याच्या पत्रांचा संबंध नावापलीकडे दाखवता येत नाही.

पत्रांवरून वादही लगेच पेटला. १८८३ मध्ये हेन्री किडल या अमेरिकन गृहस्थांनी तक्रार केली, की महात्म्यांच्या एका छापील पत्रातला मजकूर आपल्या १८८० च्या व्याख्यानातून जवळजवळ शब्दशः उचललेला आहे. त्यावर महात्म्यांकडून खुलासा आला, की पत्र मनाने उमटवताना शिष्याकडून चूक झाली. १८८५ मध्ये अतींद्रिय घटनांची तपासणी करणाऱ्या लंडनच्या ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’साठी रिचर्ड हॉजसन यांनी भारतात येऊन चौकशी केली आणि पत्रे ब्लाव्हाट्स्की व त्यांच्या साथीदारांनीच लिहिली, असा निष्कर्ष काढला. पुढे शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, हस्ताक्षराचे जाणकार व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालाच्या पद्धतीत गंभीर दोष दाखवले. अहवाल सदोष ठरला म्हणून महात्मे सिद्ध झाले, असे मात्र होत नाही. ती पत्रे आणि श्रद्धावंतांच्या साक्षी बाजूला ठेवल्या तर कुथुमी नावाची व्यक्ती इतिहासात कुठे सापडत नाही. माझे मत विचारलेत म्हणून सांगते: तुमच्या आई ज्यांचे ध्यान करतात ते ऐतिहासिक पुरुष आहेत, असे मला वाटत नाही.

पण हे उत्तर तुम्ही आईंच्या पुढ्यात आपटू नये, आणि त्याचे कारण एका मराठी मुलाच्या गोष्टीत आहे. दामोदर मावळणकर हा १८५७ मध्ये गुजरातेत जन्मलेला, सधन कऱ्हाडे ब्राह्मण घराण्यातला तरुण. मुंबईत तो संस्थेत आला, मासिकाच्या कचेरीत अहोरात्र राबला, जात आणि संपत्ती दोन्ही त्याने सोडल्या आणि कुथुमींना आपले गुरू मानले. लहानपणीच लग्न झालेली पत्नीही मागे राहिली. पुस्तकांतून तिच्याविषयी दोन ओळींपलीकडे काही मिळत नाही, हे मला नेहमी खुपते. १८८५ च्या फेब्रुवारीत दामोदर अड्यारहून निघाला, दार्जिलिंगला पोहोचला आणि एप्रिलमध्ये सिक्कीमच्या वाटेने, गुरूंना भेटण्यासाठी, तिबेटकडे गेला. तो परत आला नाही. कोणी म्हणाले बर्फात मरण पावला, कोणी म्हणाले गुरूंकडे पोहोचला. पत्रे कोणी लिहिली याचा निकाल काहीही लागो, त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाची निष्ठा खोटी नव्हती. तुमच्या आईंचीही नाही. गुरू कल्पित असला तरी भक्ती कल्पित होत नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

आता जन्मांच्या यादीकडे वळते. ही यादी एका बैठकीत झालेली नाही. सिमल्याच्या काळातले ‘महात्मे’ हे देहात असलेली, तिबेटात राहणारी माणसे म्हणून सांगितले जात. पायथागोरसचा जन्म त्यांना जोडला तो विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थेतल्या लेडबीटर यांनी. ‘असेंडेड मास्टर’ ही कल्पना आणखी नंतरची आणि अमेरिकेतली. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या शास्ता पर्वताच्या परिसरात गाय बॅलार्ड यांना झालेल्या साक्षात्काराच्या गोष्टीतून ती पसरली आणि पुढे १९५८ मध्ये निघालेल्या समिट लाइटहाउस या संस्थेने तिला आजचे रूप दिले. थुटमोसपासून शहाजहानपर्यंतची जी यादी तुमच्या आईंच्या हातात आहे, ती या शेवटच्या घरची आहे. आध्यात्मिक वंशावळीही इतर वंशावळींसारख्या मागे मागे लांबवल्या जातात.

या यादीत पायथागोरसचे नाव येणे गमतीचे आहे, कारण प्राचीन ग्रीक परंपरेनुसार तो स्वतःच आपले पूर्वजन्म सांगत असे. डायोजिनीस लाएर्शियस याने नोंदवलेल्या कथेप्रमाणे तो आधी एथॅलिडीस होता, मग ट्रॉयच्या युद्धात मेनेलाउसच्या हातून घायाळ झालेला यूफोर्बस, त्यानंतर हर्मोटिमस, आणि पायथागोरस होण्याच्या आधीच्या जन्मी डेलॉस बेटावरचा पिऱ्हस नावाचा कोळी. इजिप्तच्या कोणत्याही फेरोचे नाव त्याने घेतले नव्हते. पायथागोरसला स्वतःला कोळी असल्याची लाज वाटली नाही आणि त्याच्या नावाने पुढे यादी करणाऱ्यांना मात्र एक सम्राट लागला, हे तुम्ही पाहून ठेवा. बाल्थाझारचेही तसेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची ना नावे आहेत, ना संख्या. ती नंतरच्या परंपरेने दिली.

खरी अडचण मात्र शेवटच्या दोन नावांत आहे, आणि गुणांचा प्रश्न तिथेच येतो. कुथुमी हे प्रेम आणि ज्ञानाचे अधिष्ठान आहेत, पिवळा किरण हे त्यांच्या प्रज्ञेचे चिन्ह आहे, फ्रान्सिसमध्ये ते प्रेम दारिद्र्याच्या रूपाने आणि शहाजहानमध्ये सौंदर्याच्या रूपाने प्रकटले, असे तुमच्या आईंच्या गटात सांगतात. असिसीच्या फ्रान्सिसविषयी आपल्याला पुष्कळ माहिती आहे. ११८१ किंवा ११८२ मध्ये कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. वडिलांशी तंटा झाला तेव्हा बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून त्याने वडिलांना परत दिले. कुष्ठरोग्यांची त्याला किळस येत असे आणि त्यांच्यातच राहून त्याने ती घालवली, हे त्याने मृत्युपत्रात स्वतः सांगितले आहे. १२१९ मध्ये, धर्मयुद्ध पेटलेले असताना, तो इजिप्तमध्ये सुलतान अल्-कामिलच्या छावणीत निःशस्त्र गेला आणि जिवंत परत आला. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारे गीत त्याने आपल्या बोलीभाषेत रचले, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. १२२६ मध्ये तो वारला. ‘हे प्रभो, मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही प्रार्थना तुमच्या आईंच्या गटात त्याची म्हणून म्हटली जाते. ती प्रार्थना चांगलीच आहे, पण फ्रान्सिसची नव्हे. १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात लेखकाच्या नावाविना ती पहिल्यांदा छापून आली. आणि ज्या चर्चचा तो संत, ते चर्च पुनर्जन्म मानत नाही. फ्रान्सिस पुढे शहाजहान झाला, हे ऐकून जुन्या गोव्यातल्या त्याच्या नावाच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकलेल्या माणसांना काय वाटले असते, याचाही विचार कोणीतरी करायला हवा.

आता शहाजहान. १६२८ मध्ये तो तख्तावर आला तो भाऊ शहरयार आणि पुतणे धरून पाच शहजाद्यांना ठार करवून. १६३० ते १६३२ अशी दोन वर्षे तो दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपूरला, म्हणजे आपल्या खानदेशाच्या वेशीवर, तळ देऊन होता. मुमताज तिथेच १६३१ च्या जूनमध्ये बाळंतपणात गेली. नेमका हाच दख्खनच्या महाभयंकर दुष्काळाचा काळ आहे. शहाजहानच्या दरबारी इतिहासात या दुष्काळाचे वर्णन आहे, बुऱ्हाणपुरात बादशहाने लंगर उघडले आणि सोमवारी दानाचे पैसे वाटले, हेही आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच वेळी त्याच्या फौजा निजामशाहीचा मुलूख तुडवत होत्या आणि त्याच दुष्काळात देहूच्या एका वाण्याच्या घरात जे घडले ते त्या वाण्यानेच लिहून ठेवले आहे:

‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’

एकीकडे पत्नीसाठी पांढऱ्या संगमरवराची कबर उभारणारा बादशहा आहे आणि दुसरीकडे पत्नी भुकेने गेल्यावर विठोबाचे मोडके देऊळ दुरुस्त करायला घेणारे तुकोबा आहेत. हे सगळे एकाच दोन-तीन वर्षांत, काही दिवसांच्या वाटेच्या अंतरावर घडते आहे. ताजमहाल सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण प्रेम आणि करुणा यांचा अवतार शोधायला त्या वर्षी दख्खनमध्ये कोणी आले असते, तर त्याची पावले बुऱ्हाणपूरच्या शाही तंबूकडे का वळावीत? यादी करणाऱ्याला देहू ठाऊक नव्हते, एवढेच त्याचे उत्तर आहे. यादीत ताज आला, पाच शहजादे गाळले गेले. माणसाचा एकच तुकडा उचलून त्याला गुण म्हणायचे आणि तो मागच्या माणसाला चिकटवायचा, अशा रीतीने फ्रान्सिसचेही भले होत नाही. बापाला अंगावरचे कपडे परत देणाऱ्या माणसाने पुढच्या जन्मी मयूरासन घडवले म्हणायचे, तर पहिल्या त्यागाला अर्थ काय उरला?

तुम्ही म्हणाल, की मग दत्तावतारांचे काय, आणि वारकऱ्यांतही नामदेव हे उद्धवाचे आणि तुकोबा हे नामदेवांचे अवतार मानतातच की. मानतात. पण त्या कथा नीट वाचल्या तर त्यांची चाल वेगळी दिसते. तुकोबांचा स्वप्नाचा अभंग घ्या. ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां ॥’ इथे तुकोबा आपण पूर्वी नामदेव होतो, अशी बढाई मारत नाहीत. नामदेवांचे शतकोटी अभंगांचे माप अपुरे राहिले होते, ते ‘उरले शेवटीं लावी तुका’ असे काम त्यांच्या अंगावर पडले आहे. मागच्या जन्माकडून त्यांना मोठेपणा मिळालेला नाही, शिल्लक राहिलेली मजुरी मिळाली आहे.

तुमच्या घरी गुरुचरित्र आहे, म्हणून त्यातले दोन अध्याय तुम्हांला आठवून देते. नवव्या अध्यायात कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा एक रजक, म्हणजे धोबी, आहे. एके दिवशी नदीत नावेतून विहार करणाऱ्या राजाचे वैभव तो पाहतो आणि आपले जिणे व्यर्थ, असे त्याच्या मनात येते. गुरू त्याच्या मनातले ओळखतात आणि विचारतात, की हे राज्य या जन्मी हवे की पुढच्या? म्हातारपणी राज्य मिळून काय उपयोग, म्हणून तो पुढचा जन्म मागतो. पन्नासाव्या अध्यायात तो बिदरचा राजा होऊन येतो. त्याच्या मांडीला फोड झालेला असतो, कोणाच्या औषधाने तो बरा होत नाही, आणि तो नृसिंहसरस्वतींकडे गाणगापूरला पोहोचतो तेव्हा ते त्याला राजा म्हणून नव्हे, रजक म्हणून हाक मारतात. ती हाक ऐकताच त्याला सारे आठवते. या कथेत राजाचा जन्म हे बक्षीस नाही. तो न फिटलेल्या वासनेचा बाकी हिशेब आहे, आणि गुरूंच्या लेखी त्या माणसाची ओळख मुकुटाने बदलत नाही. तुमच्या आईंच्या हातातली यादी या कथेच्या शेजारी ठेवून पाहा. तिथे राजेपण ही पायरी आहे, इथे ते आडवळण आहे.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई, शिऊरच्या, १७०० मध्ये वारल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी मुलाला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत अभंगांतून सांगितली. त्यात कुठेही महाराणी नाही, ऋषिपत्नी नाही. सामान्य घरांतल्या मुली, त्यांची लग्ने, त्यांचे अल्पायुष्य, हातून राहून गेलेली साधना, आणि पुन्हा जन्म. मुलगाही मागच्या जन्मांत आपल्याबरोबर होता, असे त्या सांगतात. हे सारे इतिहास म्हणून मानायला मी तुम्हांला सांगत नाही. मरण समोर असताना ही बाई मुलाला काय देऊ पाहते, ते मात्र पाहा. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, की तुझे माझे पुष्कळ जन्म झाले, मला ते ठाऊक आहेत, तुला नाहीत. आणि ते सगळे ठाऊक असूनही एकाचीही यादी देत नाहीत. अर्जुनाला ती नको होती, त्याच्यापुढे त्या दिवशीचे काम होते.

पूर्वजन्मांच्या याद्यांनी जिवंत माणसांचे काय होते, याचा अनुभव थिऑसॉफिस्टांनी स्वतःच घेतलेला आहे. १९०९ मध्ये अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर लेडबीटर यांना कृष्णमूर्ती नावाचा मुलगा दिसला. पुढच्या वर्षी त्या मुलाच्या पूर्वजन्मांची तीस भागांची मालिका संस्थेच्या मासिकात येऊ लागली आणि मग आपण त्यांतल्या कोणत्या जन्मी त्याचे कोण होतो, हे जाणून घेण्याची अड्यारमध्ये चढाओढ लागली. ज्यांचे नाव आले ते मिरवू लागले, ज्यांचे आले नाही ते हिरमुसले. तुमच्या आईंच्या गटातही ‘असिसीतले’ आणि ‘फक्त आग्र्यातले’ अशी दोन पंगतींची बैठक हळूहळू तयार होत असेल, तर मला नवल वाटणार नाही. त्या मुलाने मोठा झाल्यावर, ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमध्ये ओमेन येथे, आपल्या नावाने उभा राहिलेला सारा संघ विसर्जित केला, हेही याच गोष्टीतले पुढचे पान आहे.

तरीही कुथुमींच्या नावावर असलेल्या एका गोष्टीबद्दल मला आदर आहे. ‘ॲट द फीट ऑफ द मास्टर’ हे १९१० मधले छोटे पुस्तक कृष्णमूर्तींच्या नावे निघाले आणि त्यातला उपदेश गुरू कुथुमींचा आहे, असे मानले जाते. ते कोणी लिहिले यावरही वाद आहेत, ते राहू द्या. त्यात साधकाला लागणारे चार गुण सांगितले आहेत: विवेक, निरिच्छता, सदाचार आणि प्रेम. सदाचाराचे पुन्हा सहा भाग केले आहेत. आपल्याकडे वेदान्त शिकलेल्या कोणालाही हे ओळखू येईल. विवेक, वैराग्य, शमदमादी षट्क (मन आणि इंद्रियांच्या संयमापासूनचे सहा गुण) आणि मुमुक्षुत्व, म्हणजे मोक्षाची ओढ, हे ते साधनचतुष्टय आहे, फक्त मुमुक्षुत्वाच्या जागी प्रेम आले आहे, आणि तो बदल मला तरी सुंदर वाटतो. त्याच पुस्तकात असेही म्हटले आहे, की जगाचे सर्वांत जास्त नुकसान तीन पापांनी होते, निंदा, क्रूरता आणि अंधश्रद्धा, कारण ती प्रेमाविरुद्धची पापे आहेत. तुमच्या आईंना कुथुमींवरच बोलायचे असेल तर हे पुस्तक आणून द्या. गुरूंचा गुण म्हणून त्यांना काही आचरायचे असेल तर ते इथे आहे, आणि त्यासाठी कुठल्याही वाचनाचे पैसे पडत नाहीत.

आता पैशांचे. साडेसात हजार रुपये गेले ते गेले, त्यावरून घरात भांडण करू नका. पण यापुढच्या ‘शुद्धीकरण’, ‘दीक्षा’ किंवा ‘पुढच्या जन्माचे वाचन’ अशा कोणत्याही मागणीला तुम्ही दोघींनी मिळून ठरवल्याशिवाय हात घालायचा नाही, एवढे आईंकडून गोडीने कबूल करून घ्या. बँकेचे व्यवहार त्या मोबाइलवरून स्वतः करत असतील तर रकमेची मर्यादा घालून ठेवा. त्यांनी गटासाठी नातेवाईक तोडले, औषधे बंद केली, किंवा ‘शंका घेणाऱ्यांपासून दूर राहा’ असे गटात त्यांना सांगितले गेले, तर मात्र गोडी पुरेशी नाही. तेव्हा घरातल्या थोरांना बरोबर घेऊन स्पष्ट बोला, आणि गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा. तुमच्या पत्रात असे काही दिसत नाही. दिसते ते एवढेच, की गुरुवारी संध्याकाळी त्या तासभर शांत बसतात आणि नंतर जेवतात. वडील गेल्यापासून रात्रीचे जेवण त्यांनी सोडले होते, असे तुम्हीच लिहिले आहे.

त्यामुळे मला वाटते, की तुमच्या आईंना कुथुमींपेक्षा एक वेगळाच प्रश्न पडलेला आहे. पंचेचाळीस वर्षे ज्या माणसाबरोबर संसार केला तो एका सकाळी उठला नाही, मग ते नाते कुठे गेले, हा तो प्रश्न आहे. आठशे वर्षांपूर्वी असिसीत तुम्ही कोणाच्या तरी सहवासात होता, असे जो सांगतो तो त्यांना नकळत हेही सांगतो, की सहवास मरणाने तुटत नाही. म्हणून त्या आनंदात आहेत. ती यादी खोटी ठरवून तुम्ही त्यांच्या हातातून ही एक गोष्ट काढून घेतलीत, तर तिच्या जागी ठेवायला तुमच्याकडे काही असायला हवे. त्यांच्याशी फ्रान्सिसबद्दल बोला, त्यांना तो का आवडला ते विचारा. आणि वडिलांबद्दल बोला. तुमच्या चार पानांत वडिलांचे नाव एकदाच आले आहे, बहुधा घरातही तसेच होत असेल.

तुमच्या अधिकाराचे म्हणाल, तर तो नावे ठेवण्याचा नाही, पण शेजारी बसण्याचा आहेच. दत्तजयंतीच्या आधीचा सप्ताह वडील गेल्यापासून घरात झालेला नाही, असे तुम्ही लिहिता. सबंध पारायण जमणार नसेल तर नको, पण येत्या एखाद्या गुरुवारी, गटाची वेळ टळून गेल्यावर, वडिलांची पोथी काढा आणि आईंना नववा अध्याय मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. पन्नासावा तुम्ही वाचा. वडील कुठे थांबत, कोणत्या ओवीला त्यांचा आवाज बदले, हे आईंना पाठ असेल.

तुमची,
सदरलेखिका